पुराव्याला हात लावू नये

पावतीकाकांच्या घरी वॉशिंग मशीन आलं ते काकूंच्या मनगटामुळे, आणि ते चार महिने बंद राहिलं ते काकांच्या मानापायी. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण पुढे आयोग, पंचनामा, प्रतिज्ञापत्रं असं इतकं काही येणार आहे की काकूंचं मनगट त्यात कुठल्या कुठे हरवून जाईल. काकांच्या बाबतीत तर ते हरवलंच होतं.

पावतीकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे, पण इमारतीत त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. काका एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात होते. तिथे तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता, आणि हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. घरी त्यांच्याकडे लग्नानंतर घेतलेल्या पहिल्या पंख्याची पावती होती. पंखा भंगारात जाऊन अठरा वर्षं झाली होती. गॅरंटी कार्ड हातात पडलं की त्याच संध्याकाळी ते लॅमिनेशन करून आणत. वस्तूबरोबर आलेली पुस्तिका ते तिच्या प्लास्टिकच्या पाकिटातून कधीच बाहेर काढत नसत, कारण उघडली की पानं सुटतात, असा त्यांचा अनुभव होता. वाचण्यापेक्षा जपण्यावर त्यांचा भर होता, असं म्हणू या.

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की आता पिळायचं काम अजिबात करायचं नाही, नाहीतर मनगट कायमचं जाईल. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून मशीन आलं. दुकानदार तसा तरुण, नवरा-बायको मिळून दुकान चालवत होते. "काका, कंपनीचा माणूस शुक्रवारी येऊन बसवून देईल," असं तो म्हणाला. "कधी?" काकांनी विचारलं. "दहा ते सहाच्या मध्ये." आता दहा ते सहा म्हणजे काकांची अख्खी रजा. नळाला एक नळी जोडायची आणि वायर भिंतीत खुपसायची, यासाठी रजा घालवणारा माणूस काकांना मूर्ख वाटत असे. त्यांनी इमारतीच्या प्लंबरला बोलावलं. प्लंबरने नळी जोडली, मशीन न्हाणीघराबाहेरच्या बोळात भिंतीला लावून उभं केलं, त्यावर दोनदा थाप मारली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कपडे घालून बटण दाबलं आणि काका अंघोळीला गेले. पहिली वीस मिनिटं मशीन सभ्यपणे गुरगुरत होतं. मग कपडे पिळायची वेळ आली आणि त्याच्या अंगात आलं. ते थरथरलं, उडालं, जमिनीवर पाय आपटू लागलं आणि बोळातून चालत निघालं. न्हाणीघराच्या दारासमोर येईपर्यंत त्याची वायर ताणली जाऊन भिंतीतून सुटली, आणि ते तिथेच, दाराला पोट टेकून, थांबलं. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं होतं.

आत काका होते. एक टॉवेल होता.

काकूंना ते धूड हलवेना. त्यांनी शेजारच्या शिरस्तेदारांना हाक मारली. शिरस्तेदार म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त होताना ते खुर्ची सोडून बाकी सगळं कोर्ट घरी घेऊन आले होते. ते धावत आले, पण त्यांना हर्नियाचा त्रास, त्यामुळे ते ढकलण्याऐवजी सूचना देऊ लागले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई तावातावाने वर आल्या, कारण त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ खाली पडून फुटलं होतं. मग प्लंबर आला. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा काका टॉवेलवर बाहेर आले आणि बघतात तो समोर सात माणसं. त्यांतल्या शिक्षिकाबाईंनी मान वळवली, पण जरा उशिरा. काकांना त्या क्षणी मशीनचा नव्हे तर दुकानदाराचा राग आला. माणसाची अब्रू जाते तेव्हा ती कुणीतरी घेतलेली असावी लागते.

ते तसेच कपडे चढवून दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. "काका, मागचे बोल्ट काढले होते ना?" एवढंच त्याने विचारलं.

कुठले बोल्ट, हे काकांना माहीत नव्हतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि आधीच त्यांची सकाळ टॉवेलवर गेली होती. "म्हणजे काय!" ते गरजले. "बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालवीन मी? मला काय समजलास?" बोल्ट म्हणजे लाकडी खोक्याचे असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि खोकं तर काढलंच होतं. म्हणजे ते खोटंही बोलले नव्हते.

"तुम्ही म्हणता म्हणजे काढलेच असतील," दुकानदार म्हणाला. "मी कंपनीचा माणूस पाठवतो. नाहीतर मीच येऊन बघतो, पाच मिनिटांचं काम आहे."

इथपर्यंत प्रकरण पाच मिनिटांचंच होतं. पण काका घरी पोचले तेव्हा बोळात शिरस्तेदार खुर्ची टाकून बसले होते आणि मशीनकडे मायेने बघत होते. नोकरी सुटल्यापासून त्यांना असा पुरावा मिळाला नव्हता.

"याला आता कुणाचाही हात लागता कामा नये," ते म्हणाले.

"दुकानदार येतो म्हणतोय बघायला."

"येणारच! त्याने हात लावला की मशीन दुरुस्त झालं. दुरुस्त झालं की दोष गेला. दोष गेला की तुमची केस गेली. मग त्या टॉवेलची भरपाई कोण देणार?"

काकांना दुरुस्त मशीन हवं होतं की केस हवी होती, हा प्रश्न त्या वेळी कुणीच विचारला नाही. काकूंनी विचारला असता, पण त्या अर्धवट धुतलेले कपडे बादलीत काढत होत्या. शिरस्तेदारांनी लगोलग पंचनामा केला. मशीनचं दार, झाकण, पाठ, सगळीकडे कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर शिक्षिकाबाई व प्लंबर यांच्या सह्या घेतल्या. शेवटी वर एक कागद लावला: 'पुराव्याला हात लावू नये.' त्या दिवसापासून काकू बोळातून न्हाणीघरात जाताना अंग चोरून जाऊ लागल्या आणि आत बसून पुन्हा हाताने कपडे धुऊ लागल्या.

कंपनीचा मेकॅनिक आला तेव्हा काकांनी दार चार बोटं उघडलं. "काका, फक्त मागची बाजू बघू द्या," तो म्हणाला. "मागचं-पुढचं सगळं आता ग्राहक आयोगापुढे," काका म्हणाले आणि दार लावलं. दुकानदार दोनदा आला. एकदा तर बायकोला घेऊन आला, म्हणजे तरी आत घेतील म्हणून. काकांनी दोघांना पाणी दिलं, पण बोळाच्या तोंडाशी स्वतः आडवे उभे राहिले.

ग्राहक आयोगात वकील लागत नाही, आपली तक्रार आपणच मांडता येते, ही कायद्यातली फार उदार सोय आहे. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शिरस्तेदारांसारखे शेजारी नसावेत. तक्रारीचा मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात दुकानदाराला 'सामनेवाला क्रमांक एक' आणि कंपनीला 'क्रमांक दोन' असं नाव मिळालं. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की, 'सदर यंत्राने स्वतःहून मार्गक्रमण करून तक्रारदारास पंचेचाळीस मिनिटे स्नानगृहात कोंडून ठेवले व तक्रारदारास अपुऱ्या वस्त्रांनिशी समाजापुढे यावे लागले.' काकांनी हा परिच्छेद गाळावा म्हणून गयावया केली. "हाच तर तुमचा मानसिक त्रास," शिरस्तेदार म्हणाले. "तो कागदावर नको तर कुठे हवा?"

आयोगाच्या कचेरीत खिडकीमागे एक कारकून होते. त्यांनी तक्रार हातात घेऊन आधी वजन केल्यासारखी वरखाली केली. समास कमी आहे, म्हणून पहिल्यांदा परत आली. प्रती कमी आहेत, म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा गॅरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का नाही म्हणून. शिक्का नव्हता कारण दुकानदार तो मारण्याआधीच काकांनी कार्ड लॅमिनेट करून घेतलं होतं. शिक्का घ्यायला काकांना ज्याच्यावर खटला भरायचा त्याच्याच दुकानात जावं लागलं. त्या गरिबाने शिक्का मारला. प्लास्टिकवर तो बसेना, शाई ओघळली. मग त्याने वेगळ्या कागदावर विक्री झाल्याचं लिहून, सही-शिक्का करून दिलं आणि "काका, अजून काही लागलं तर सांगा," असंही म्हटलं. काकांनी ही त्याची चाल आहे असं मानलं.

तक्रार दाखल झाली आणि काकांचा भाव एकदम वधारला. इमारतीतली माणसं त्यांच्याकडे जुने मिक्सर, न उघडणाऱ्या छत्र्या आणि आटलेले स्वेटर घेऊन येऊ लागली. शिक्षिकाबाईंनी घड्याळाचं प्रतिज्ञापत्र दिलं. टॉवेलच्या वेळी मान उशिरा वळवणाऱ्या याच बाई आता काकांना जिन्यात थांबून नमस्कार करत. वाचनालयात काकांचं 'जागा ग्राहक' या विषयावर भाषण झालं. त्यात ते आवाज चढवून म्हणाले, "कागद वाचा! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा! आपण वाचत नाही म्हणून हे लोक फसवतात!" टाळ्या झाल्या. काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यांचा हात दुखत होता.

त्याच उत्साहात काकांनी इमारतीच्या दाराशी असलेल्या फलकावर स्वतःच्या वळणदार अक्षरात एक कागद लावला. कोपऱ्यावरच्या दुकानातून सदोष माल विकला जातो, सबब खरेदीपूर्वी विचार करावा, असा त्याचा मथितार्थ होता. लोकांनी विचार केला आणि ते पलीकडच्या मोठ्या दुकानात जाऊ लागले. कामावरून येताना काकांना दुकानदार आणि त्याची बायको काउंटरमागे नुसती बसलेली दिसत. दुकानदार अजूनही मान लववत असे. काका रस्ता ओलांडून पलीकडून जात.

कंपनीचं छापील उत्तर आलं. त्यात कंपनीने सर्वच आरोप नाकारले होते; तक्रारदार हा ग्राहक असल्याचं नाकारलं होतं, मशीन हे मशीन असल्याचंही जवळजवळ नाकारलं होतं. दुकानदाराचं उत्तर हाताने लिहिलेलं, अर्ध्या पानाचं होतं. माल बदलून द्यायची तयारी आहे, पण आधी एकदा बघू द्यावा, एवढंच त्यात होतं. "घाबरला," शिरस्तेदार म्हणाले.

मग तीन तारखा नुसत्या पडल्या. चौथी, निकालाची, तीन आठवड्यांवर आली असताना खिडकीमागचे कारकून काकांना म्हणाले, "तुमच्या तक्रारीत पुस्तिकेचा उल्लेख आहे. पुस्तिकेची नक्कल कुठाय? सगळी पानं, क्रमांक घालून, तीन प्रती."

रविवारी दुपारी काकांनी टेबलावर स्वच्छ कागद अंथरला, पाकिटाची कड ब्लेडने हलकेच कापली आणि पुस्तिका प्रथमच बाहेर काढली. नवी करकरीत होती. पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घालायला त्यांनी सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्या पानावर लाल चौकट होती. चौकटीत मशीनच्या पाठीचं चित्र, चित्रात चार लांब बोल्ट आणि त्यांवर मोठी फुली. वाटेत मशीन हिंदकळू नये म्हणून हे बोल्ट घातलेले असतात. मशीन चालवण्याआधी ते काढलेच पाहिजेत, नाहीतर मशीन जोराने हादरेल आणि जागेवरून सरकेल, असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. सरकणाऱ्या मशीनचंही चित्र होतं. फक्त त्या चित्रात न्हाणीघर नव्हतं.

काका उठले. त्यांनी बॅटरी घेतली, काकूंचा छोटा आरसा घेतला, आणि पोटावर पडून भिंत आणि मशीन यांच्यातल्या फटीत डोकावले. चारही बोल्ट होते. घट्ट, चकचकीत, जागच्या जागी.

"काय पडलं?" आतून काकूंनी विचारलं. त्या चादरी धूत होत्या.

"काही नाही," काका म्हणाले, आणि पोटावरच पडून राहिले. उठावंसं वाटेना. उठलं की काहीतरी करावं लागणार होतं.

काय करायचं ते अगदी सोपं होतं. उठायचं, दुकानात जायचं, चुकलं म्हणायचं. पण उठण्याच्या वाटेत अकरा पानांची तक्रार होती, वाचनालयातल्या टाळ्या होत्या, फलकावरचा कागद होता आणि तीस वर्षांत एक कागद न हरवलेला माणूस होता. गुपचूप बोल्ट काढावेत म्हटलं तर मशीनच्या पाठीवर पंचांच्या सह्यांच्या पट्ट्या. त्यातून खोटी तक्रार केली तर आयोग उलट दंड करतो, हे काकांनीच वाचनालयात लोकांना सांगितलं होतं.

मग पावतीकाकांनी जे केलं ते लिहितानासुद्धा अवघड वाटतं. त्यांनी चौथं पान अलगद सोडवून बाजूला ठेवलं. उरलेल्या पानांच्या प्रती काढल्या. सोमवारी त्या खिडकीत दिल्या. कारकुनांनी अंगठ्याला पाणी लावून पानं मोजली. "तीननंतर एकदम पाच?"

"चारवर जाहिरात आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"बरं," म्हणून कारकुनांनी शिक्का मारला. इतके दिवस समासावरून अडवणारा माणूस त्या दिवशी एवढ्यावर गप्प बसला, याचं काकांना फार वाईट वाटलं. त्याने अडवलं असतं तर बरं झालं असतं.

चौथं पान त्यांना फाडून टाकता आलं नाही. कागद फाडणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. ते त्यांनी आधी विजेच्या बिलांच्या फाइलीत ठेवलं, मग कपाटाच्या वर, मग शर्टाच्या आतल्या खिशात. त्या तीन आठवड्यांत ते जेवताना काकूंकडे बघत नसत. शिरस्तेदार अंतिम युक्तिवाद वाचून दाखवायला आले की त्यांना चहा नको असायचा. एका दुपारी काकूंनी सगळ्या खोल्यांचे पडदे काढले. धाकटी बहीण राहायला येणार होती. "एक टोक धरता का हो? मला एकटीला पिळता येत नाही आता," त्या म्हणाल्या. काकांनी टोक धरलं. दोघांमध्ये ओला, जड पडदा होता आणि काकूंचे ओठ दुखण्याने आत ओढलेले होते. पुढच्या दोन पावलांवर मशीन उभं होतं. "आठ दिवसांत निकाल लागेल ना?" त्यांनी विचारलं. "लागेल," काका म्हणाले, आणि त्यांना स्वतःची अशी किळस आली की त्यांनी पडदा पिळून होण्याआधीच टोक सोडलं.

निकालाच्या दिवशी आयोगाच्या खोलीत पंखा होता पण तो फिरत नव्हता. बाकांवर माणसं दाटीने बसली होती; कुणाच्या मांडीवर इस्त्री, कुणाच्या मांडीवर बुटांचा जोड. अध्यक्षबाई वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, फारसं न बोलणाऱ्या. कंपनीच्या वकिलांनी सवयीने पुढची तारीख मागितली. ती मिळाली नाही.

"सामनेवाले एक, तुम्हाला काय म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

दुकानदार उभा राहिला. बरोबर वकील नव्हता. बायको दुकानात होती. "मॅडम, मला विशेष काही म्हणायचं नाही. असं मशीन चालत निघतं ना, ते बहुतेक वेळा बोल्ट राहिल्यामुळे. मी काकांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, काढलेत."

"मग तुम्ही स्वतः तपासलं का नाही?"

"त्यांनी बघू दिलं नाही. पण मॅडम, काका खोटं बोलणारे नाहीत. पावतीशिवाय एक खिळा घेत नाहीत ते. त्यांनी काढले म्हटलं म्हणजे काढलेत. तेव्हा दोष मशीनमध्येच असणार. कंपनी काय करायचं ते करो, मी माझ्या दुकानातून दुसरं देतो. माझ्याकडून वाद नाही."

"चांगलं आहे," म्हणून अध्यक्षबाई लेखनिकाला सांगू लागल्या, "तक्रारदाराच्या कथनावर विश्वास ठेवून..."

शिरस्तेदारांनी काकांच्या मांडीवर आनंदाने थाप मारली. काका उभे राहिले. त्यांना उभं राहायचं नव्हतं. त्यांचे पाय त्यांना न विचारता उभे राहिले होते.

"माझं एक पान राहिलंय," ते म्हणाले.

"आता कसलं पान?"

काकांनी आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि पुढे नेऊन दिला. बाईंनी तो उलगडला, वाचला, चित्र पाहिलं. मग चष्मा काढून काकांकडे पाहिलं. "बोल्ट आहेत अजून?"

"चारही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि प्रती देताना हे पान?"

"मी काढून ठेवलं. जाहिरात आहे म्हणून सांगितलं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग इस्त्रीवाला हसला, मग बुटांवाला, मग सगळी खोली. लेखनिकाने हसू लपवण्यासाठी मान खाली घातली. कंपनीचे वकील तर टेबलाला धरून हसत होते. फक्त दुकानदार हसला नाही. तो काकांकडे नुसता बघत होता, आणि काकांना वाटलं की यानेही हसावं, निदान यानेतरी मोठ्याने हसावं. शिरस्तेदार दोन जागा पलीकडे सरकून बसले होते. "मूळ प्रत कुणी खिशात घेऊन फिरतं का?" ते पुटपुटले.

बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "तक्रार फेटाळली. तुम्हाला दंड करता येईल, ठाऊक आहे ना?" काकांनी मान हलवली. "सामनेवाले, तुमची काही मागणी?"

"काही नको, मॅडम." दुकानदार म्हणाला. "आमच्याबद्दल एक कागद इमारतीच्या फलकावर लावलाय. बायको येता-जाता वाचते. तो काढला तर बरं होईल."

"काढतो," काका घाईघाईने म्हणाले. "आजच काढतो."

"काढायचा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याच्याखाली दुसरा लावायचा. काय झालं ते सगळं लिहायचं, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. एक महिना राहू द्यायचा. हाच तुमचा दंड."

त्याच दुपारी दुकानदार पाना घेऊन आला. कागदाच्या पट्ट्या फाडल्या, चार बोल्ट काढले, जमीन सपाट आहे का पाहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकूंनी त्याला चहा दिला. काकांनी त्याच्यासमोर तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "माझ्यामुळे तुझं गिऱ्हाईक गेलं." तो कप खाली ठेवत म्हणाला, "हो, गेलं." नाही म्हणेल असं काकांना उगाच वाटलं होतं. तो गेला, आणि काकूंनी कपडे घालून बटण दाबलं. मशीन इतकं शांत चालत होतं की घरात काहीतरी बोलणं भाग होतं. काका टेबलाशी बसून फलकाचा कागद लिहू लागले.

काकू हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. काकांनी काही राखून ठेवलं नव्हतं. दुकानात मारलेली थाप, पंचनामा, गाळलेलं पान, आयोगात पिकलेला हशा, सगळं तारीखवार लिहिलं होतं. न्हाणीघराचा प्रसंगही होता. काकूंचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे तुम्हाला त्या रविवारी कळलं?"

"हो."

"मी चादरी धूत होते तेव्हा?"

"हो."

"म्हणजे पडदे त्याच्या नंतरचे."

काकांनी मान खाली घातली. पडदे त्याच्या नंतरचेच होते. तारखा त्यांनी स्वतःच लिहिल्या होत्या, त्यामुळे इकडचं तिकडे करायला जागा नव्हती. काकू रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

"यात एक ओळ राहिली," त्या म्हणाल्या. "लिहा. 'हे ठाऊक झाल्यावरही तीन आठवडे मी माझ्या बायकोला हाताने कपडे धुऊ दिले.'"

"अगं, हे लोकांना कशाला? दुकानदाराचा काय संबंध याच्याशी?"

"त्याचा नाही. माझा आहे. लिहा. बाकीचं सगळं लोक हसून विसरतील."

काकांनी लिहिलं. त्यांचं अक्षर सबंध पानभर सुरेख होतं, फक्त त्या ओळीत बिघडलं. त्यांनी पान पुन्हा स्वच्छ लिहायला घेतलं तेव्हा काकूंनी हाताने थांबवलं. "तसंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकापाशी गर्दी जमली. शिक्षिकाबाई खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवत होत्या. बोल्टांपाशी लोक हसले, टॉवेलपाशी तर पोट धरून हसले, चार नंबरच्या पानापाशी कुणीतरी टाळी दिली. शेवटच्या ओळीवर बाई आल्या, ती त्यांनी मनातल्या मनात वाचली आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागल्या. लोक पांगले. मागे डबा घेऊन उभे असलेले काका अजून बाहेर पडायचे होते. कामावर जाताना आणि परत येताना, रोज दोनदा, महिनाभर त्यांना त्या फलकावरूनच जायचं होतं. इमारतीला दुसरा दरवाजा नव्हता.